प्रतिसाद: हॉर्नच्या स्पर्धेला मुलाला पाठवू का?

वर ताईंनी विचारलंय की मुलगा शाळेच्या बँडमध्ये फ्रेंच हॉर्न (गोल वळवलेल्या नळीचं पितळी फुंकवाद्य) वाजवतो, हॉर्न वादकांच्या वर्कशॉपमधल्या विद्यार्थी स्पर्धेला एक सोलो पीस पाठ करून गेला तर चालेल का. ताई, जरूर पाठवा, पण नुसत्या सोलोवर राहू नका. बऱ्याच हॉर्न वर्कशॉपमध्ये मॉक ऑडिशनही असते, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या निवड चाचणीची रंगीत तालीम, पडद्याआडून ऑर्केस्ट्रातले ठरलेले तुकडे वाजवायचे, परीक्षकांना चेहरा दिसतच नाही. त्यात कधीकधी हाय आणि लो असे वेगळे गट असतात, कारण ऑर्केस्ट्रातल्या चार हॉर्नपैकी पहिला-तिसरा हॉर्न वरचे सूर सांभाळतो आणि दुसरा-चौथा खालचे. चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीतला दुसऱ्या भागाचा सोलो पहिल्या हॉर्नचा, तर बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीत तिसऱ्या भागातला सुंदर सोलो चौथ्या हॉर्नला आहे, म्हणून लो गटाला कमी समजू नका हं!

सूर फुटला तर मुलाला अजिबात रागावू नका. एफ सुरातल्या हॉर्नची नळी साधारण १२ फूट लांब, वरच्या पट्टीत सूर एकमेकांना अगदी खेटून असतात, ओठ जरा हलला की शेजारचाच सूर लागतो, मोठमोठ्यांचं होतं हे. घरी दारात चादर टांगून पलीकडे दोघातिघांना बसवा आणि एकदाच वाजवायला सांगा, रिटेक नाही. आणि आपल्या नाशिकच्या डिसेंबरच्या सकाळी गार हॉर्नचा सूर खाली उतरतो, आधी त्यात नुसती फुंकर मारून हॉर्न गरम करायचा, मगच ट्यूनिंग स्लाइडला (सूर जुळवायच्या सरकत्या नळीला) हात लावायचा. सोलोसाठी पियानो साथीदार मात्र आत्तापासूनच शोधायला लागा.