मदत हवी आहे: बाबांना (वय ७३) डिप्रेशन, डॉक्टर म्हणतात चालवा, ते खुर्चीतनं उठेनात

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा एसटीत कंडक्टर होते, ३४ वर्षं. राहणार कऱ्हाड. रिटायर झाल्यावरही एकदम टकाटक, रोज सकाळी प्रीतिसंगमावर चक्कर, मग कट्ट्यावर चौघांच्या गप्पा. त्यातले दोघं लागोपाठ गेले, तिसरे मुलाकडे बंगलोरला. मग बाबांचं फिरणं आधी एक दिवसाआड झालं नि पुढे थांबलंच, आम्ही म्हटलं गुडघे असतील, वय झालं. नंतर जेवण कमी, पहाटे तीनला जाग, पेपर हातात धरून बसायचे पण पान उलटायचे नाहीत. हे वहिनीच्या लक्षात आलं, आमच्या कुणाच्या नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशन सांगितलं, थायरॉइड, बी१२ सगळं तपासलं (बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली), सर्ट्रालिन (डिप्रेशनची गोळी) सुरू होऊन पाच आठवडे झालेत. झोप सुधारलीय. पण डॉक्टर दर वेळी म्हणतात गोळीबरोबर हालचाल हवी, आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

सकाळी सातपासून दादा 'चला बाबा', आई 'अहो उठा की', मी पुण्याहून फोन केला की पहिला प्रश्न 'आज चाललात का?' बाबा खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर. परवा म्हणाले, "जन्मभर हलत्या गाडीत उभाच होतो, आता बसू द्या की जरा." दादानं पावलं मोजायचं घड्याळ बांधलं तर ते काढून फडताळात ठेवून दिलं.

गुडघे दुखतात, बीपीची गोळी आहे, पडले तर काय ही भीती आहेच. व्यायामानं या वयात डिप्रेशनला खरंच फरक पडतो का, की डॉक्टर आपले सगळ्यांनाच सांगतात? आणि ज्याला उठावंसंच वाटत नाही त्याला उठवायचं कसं? कुणी घरी केलं असेल तर प्लीज सांगा.

फिजिओवाली: ताई, फरक पडतो. १९९९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढच्या १५६ डिप्रेशनवाल्या लोकांवर अभ्यास झाला होता, काहींना सर्ट्रालिन, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखे सुधारले, पण सुरुवातीला गोळीचा गुण लवकर आला. म्हणून गोळी सोडायची नाही हं! आणि व्यायाम म्हणजे फक्त चालणं नव्हे. सिडनीत साठीपुढच्यांकडून वजनं उचलून घेतली, त्यात हलक्यापेक्षा जड वजनवाल्यांना जास्त फायदा झाला. घाबरू नका, बाबांना जिम नकोय. हात नसलेली घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, छातीशी हात धरून उठायचं नि सावकाश बसायचं. पाच वेळा. जमायला लागलं की आठ, मग दहा. मांड्यांत ताकद आली की गुडघ्यावरचा भार पण हलका होतो. ओट्याला धरून टाचा उचलणं, तोल सावरायला. उठल्यावर लगेच पाऊल टाकू नका, बीपीच्या गोळीनं चक्कर येऊ शकते. डॉक्टरांना उभं राहून बीपी मोजायला सांगा आणि रक्तातल्या सोडियमचं पण विचारा, डिप्रेशनच्या या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत कधी कधी घटतं.

निवांत_०७: या गोळ्यांची सवय लागते. सगळं बंद करा, रोज एक तास प्राणायाम करा, महिन्यात ठणठणीत.

फिजिओवाली: निवांतराव, प्राणायाम करू दे की, पण दुसऱ्याच्या वडिलांची गोळी तुम्ही इथे बसून नका बंद करू.

आत्याबाई: माझ्या सासूबाईंचं सेम. आम्ही वाट बघत बसलो की मन झालं की उठतील, ते मन काही होईना. डॉक्टर म्हणाले उलटं असतं, आधी अंग हलतं मागनं मन येतं. आणि सकाळचा हट्ट सोडा, या आजारात बऱ्याच जणांना सकाळच सगळ्यात जड जाते. आम्ही साडेचारच्या चहानंतर न्यायचो, ते पण 'फिरायला' म्हणून नाही, मेथी निवडून द्या, कढीपत्ता आणून द्या असं. तुम्ही तिघं रोज हजेरी घेताय हो त्यांची, माणूस अजून खचतो. त्यांना कंडक्टरकीतलं काहीतरी काम द्या बघू. आणि 'मी नकोच आता' असं काही बोलले तर मनावर घ्या, सरळ विचारा, डॉक्टरांना कळवा. १४४१६ हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन चोवीस तास असतो, मराठीत बोलतात.

(धागाकर्ती): तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. सगळ्यांचे आभार, आत्याबाई तुमचं 'हजेरी' चांगलंच लागलं. 'चाललात का' विचारणं घरात बंद केलंय, मला फोनवर जीभ चावावी लागते. खुर्चीचं पहिल्या दिवशी तीनदाच झालं, परवा आठ. दादाच्या मुलाला दर उठण्याला तोंडानं बेल मारायचं काम दिलंय, तो मुद्दाम एक मारतो आणि बाबा म्हणतात, "एक म्हंजे थांबायची, दोन मार." मला शनिवारी यायचं होतं तेव्हा फोन करून म्हटलं बाबा तुम्हीच स्टँडवर बोर्ड बघून या ना, स्वारगेटच्या गाड्यांचा टाइम बदललाय म्हणे. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला न सांगता गेले, ती घाबरीघुबरी. तासानं आले, दोन ठिकाणी बसत बसत. पुढचे चार दिवस परत खुर्चीत, म्हणजे अजून काही खरं नाही. पण काल फोनवर स्वतःहून बोलले, वहाणेचा अंगठा तुटलाय, दादाला वेळ नसतो, तू आलीस की चांभाराकडनं शिवून आण.