जुनं आउटबोर्ड इंजिन वेगात बसतंय, मदत हवी आहे (तातडीचं)

वल्हेकरी:
लोकहो, आता डोकं फिरायची वेळ आलीय. काकांचं जुनं आउटबोर्ड आहे, म्हणजे बोटीच्या मागे अडकवायचं इंजिन. चालू होतं, पण जोर दिला की बसतं. कार्बोरेटर तीन वेळा उघडून साफ केला. जेटमधून तार घातली, फुंकर मारली, सगळं झालं. प्लग नवीन. तरी तेच. काल पुन्हा निम्म्या वाटेतून वल्ही मारत परत आलो. बायको पुढे बसली होती, एक अक्षर बोलली नाही, ते जास्त लागलं. रविवारी पाहुणे येतायत आणि मी "फेरी मारून आणतो" म्हणून बसलोय. नवीन कार्बोरेटर घ्यावा का? कुठला बसेल? लवकर सांगा.

थाऊमास्तर:
कंपनी? साल? किती एचपी? सिलिंडर किती? पेट्रोलमध्ये ऑइल किती? प्लग काढल्यावर रंग काय? आणि "बसतं" म्हणजे नेमकं काय होतं?
जेटमध्ये तार घालू नका हो. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कायमचं बिघडतं. ब्रशचा नायलॉनचा केस चालतो.

जुनंतेसोनं:
शंभर टक्के कंडेन्सर, म्हणजे प्लगच्या ठिणगीच्या करंटमधला भाग. डोळे मिटून बदला. माझ्या इंजिनाला अगदी हेच व्हायचं. थंड असताना पळायचं, तापलं की मिसिंग, मग बंद. फ्लायव्हील काढून पॉईंट आणि कंडेन्सर बदलले, आजतागायत तक्रार नाही. पॉईंटची गॅप २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ठेवा.

थाऊमास्तर:
@जुनंतेसोनं, अहो अजून त्यांनी काही सांगितलंच नाहीये, तुम्ही फ्लायव्हील काढायला निघालात! पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) नसेल तर माणूस हातोडीने ठोकत बसेल आणि क्रँकची वाट लावेल. आणि २० थाऊ तुमच्या इंजिनाची. यांचं कुठलं हे कळू तर द्या.

गवतकाप्या:
माझ्या गवत कापायच्या यंत्रालाही हाच त्रास आहे. उंच गवत आलं की गुरगुरून बंद. त्यालाही कंडेन्सर असतो का?

वल्हेकरी:
सगळे प्रश्नच विचारतायत! घ्या. ६ एचपी, दोन सिलिंडर, दोरी ओढून चालू होतं. कंपनीच्या पट्टीवर काकांनी बोटीचाच हिरवा रंग फासलाय, काही वाचता येत नाही. साठच्या दशकातलं असं काका म्हणायचे. सहा वर्षं माळ्यावर होतं. ऑइल टाकतो. आता सांगा, कार्बोरेटर घेऊ का?

तेलकट:
"ऑइल टाकतो" हे काही उत्तर झालं का? त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांना २४:१ लागतं. म्हणजे लिटरला साधारण ४२ मिली. आजच्या सवयीने ५०:१ टाकाल, म्हणजे २० मिली, तर बेअरिंग उपाशी राहतील आणि तापून इंजिन बसेलच.

जुनंतेसोनं:
आजचं टूस्ट्रोक ऑइल तेव्हाच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. मी सगळ्यात ५०:१ टाकतो. २४:१ टाकून फक्त धूर होतो आणि प्लग काळे होतात.

तेलकट:
ऑइल चांगलं झालं म्हणून जुनी बुश रोलर बेअरिंग होत नाही. प्लग दहा वेळा बदलता येतो, क्रँक नाही. आणि ऑइल पाण्यातल्या इंजिनाचं घ्या, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. मोटरसायकलचं ओतू नका.

विजेरी:
या सगळ्या कटकटीपेक्षा बॅटरीवरची मोटर घ्या. ना धूर, ना दोरी, ना वास. माझी तिसऱ्या वर्षात आहे.

थाऊमास्तर:
@विजेरी, माणूस रविवारसाठी विचारतोय.
@वल्हेकरी, बसताना आवाज कसा येतो ते सांगा. बटण दाबून बंद केल्यासारखं एकदम गप्प होत असेल तर करंटकडे बघू: कॉइल, कंडेन्सर, पॉईंट. घुटमळत, दम लागल्यासारखं मरत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. आणि आवाज चढतो पण बोट पुढे जात नाही असं असेल तर इंजिनाचा दोषच नाही, पंख्याच्या हबमधलं रबर सुटलंय. तीन रोग, तीन औषधं, आणि तुम्ही तिन्हींना "बसतं" म्हणताय.

निळासमुद्र:
पाण्याची धार येतेय का मागून? सहा वर्षं पडून असलेला इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा) कडक होतो, पाती वाकलेलीच राहतात. आधी तो बदला.

वल्हेकरी:
धार नाही येत. पण ती कधीच येत नव्हती.
आवाज: घुटमळतं. पाच-सात मिनिटं फुल्ल पळतं, मग भूक लागल्यासारखं होतं. पेट्रोलच्या पाईपवरचा रबरी फुगा दाबला की परत उचलतं, सोडला की परत तेच. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा छान पळतं.

थाऊमास्तर:
फुगा दाबला की उचलतं??? अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं!

वल्हेकरी:
मला वाटलं सगळ्यांचंच तसं असतं. काका कायम एक हात फुग्यावर ठेवूनच बसायचे.

जुनंतेसोनं:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

थाऊमास्तर:
मग करंट, कंडेन्सर सगळं बाजूला. कार्बोरेटरही बाजूला, तुम्ही फुग्यातून ढकललेलं पेट्रोल तो नीट पितोय. (धारेबद्दल: त्या काळच्या बऱ्याच इंजिनांना वेगळी धार नसतेच. पायाच्या मागच्या भोकांतून धुरासोबत पाण्याचे तुषार येतात का बघा.)
आता एवढंच करा. टाकीच्या टोपणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा. फुल्ल पळवा आणि मरायला लागलं की फुगा न दाबता नुसता बघा. चपटा झालाय की गोल आहे?

तेलकट:
फुग्यावरचा बाणही बघा, इंजिनाकडे हवा. आणि फुगा दाबल्यावर कधी टणक होतच नसेल तर कुठूनतरी हवा ओढतोय. बहुतेक वेळा जोडाच्या ओ-रिंगमधून.

मिशीवाले_नाना:
अवांतर: ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आउटबोर्ड मोटर विकायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये त्या नावाच्या इंजिनांचं उत्पादन थांबलं. शंभरीच्या वर गेलेलं नाव. वाईट वाटलं होतं.

गवतकाप्या:
माझ्या यंत्राला फुगा आहे, पण छोटा, पारदर्शक. तोच का?

वल्हेकरी:
आत्ता बघून आलो. चपटा! चिंचेच्या बोटुकासारखा आत ओढला गेलेला. स्क्रू उघडा होता. टोपणच सैल करून बघितलं, काही फरक नाही. पाईप बदलायचा का आता? पण पाईप चांगला दिसतोय, कुठे चीर नाही.

थाऊमास्तर:
चपटा म्हणजे अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. टोपण सैल करून फरक नाही म्हणजे हवेचा प्रश्न नाही. उरली दोनच ठिकाणं: टाकीतली नळी, तिच्या तळाच्या जाळीसकट, किंवा टाकी ते फुगा पाईप. जाळी पुसा. आणि पाईप बाहेरून चांगला दिसण्याला अर्थ नाही. जुन्या रबराला आजचं इथेनॉलवालं पेट्रोल मानवत नाही, आतला थर सुटतो आणि पडद्यासारखा लोंबतो. हळू चालवताना पेट्रोल बाजूने जातं. ओढ वाढली की तोच पडदा तोंड बंद करतो. थांबलात की परत सैल पडतो. तुमचं दहा मिनिटांचं गणित जुळतंय का बघा. पाईप उभा चिरा.

वल्हेकरी:
चिरला. बोटभर लांब काळी साल सुटून आत दुमडलेली होती, नखाने ओढली तर सापाच्या कातीसारखी अख्खी निघाली. टाकीची जाळी स्वच्छ निघाली. नवीन पाईप, नवीन फुगा घातला, पट्ट्या आवळल्या. वीस मिनिटं फुल्ल पळवली, फुग्याला हात न लावता. मागून तुषारही येतायत. काका इतकी वर्षं एका हाताने बोट हाकत होते ते या सालीपायी!
मास्तर, तुम्ही भेटलात तर पाय धरीन.

थाऊमास्तर:
पाय नको, जेट बदला. तुम्ही त्यात तार घातली आहे हे मी विसरलेलो नाही. रविवारी फुल्लवर पळवून आलात की दोन्ही प्लग काढून रंग सांगा. आणि वल्ही बोटीतच राहू द्या.

तेलकट:
आणि ऑइल किती घालता ते अजून सांगितलं नाहीत.

वल्हेकरी:
कॅनवर काकांनी खिळ्याने खूण केलीय, तिथपर्यंत. मोजून सांगतो.

जुनंतेसोनं:
कंडेन्सर मात्र एकदा बदलून ठेवाच. कधीतरी जाणारच आहे.

गवतकाप्या:
मी पण पाईप चिरला. आत काहीच निघालं नाही. आता यंत्र चालूच होत नाहीये.

थाऊमास्तर:
नवीन धागा काढा. आणि त्यात आधी कंपनी, साल, एचपी लिहा.