एक्सेल फाइली जोडणाऱ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहावा का?

मूळ मुद्दा:
पायथन शिकताना अनेकांची पहिली उपयोगी स्क्रिप्ट म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या एक्सेल फाइली एकत्र करणं. त्यात ‘सी’ ड्राइव्हपासूनचा पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा अख्खा पत्ता, लिहायला शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोल्डरचं नाव बदललं किंवा मशीन बदललं की स्क्रिप्ट बंद. ३.४ आवृत्तीपासून पाथलिब (पाथ हाताळायची लायब्ररी) पायथनसोबतच येतं. स्क्रिप्टच्या शेजारचा ‘इनपुट’ फोल्डर त्याने एका ओळीत सापडतो.

प्रतिसाद १:
असहमत. रिलेटिव्ह पाथ, म्हणजे दुसऱ्या फोल्डरच्या संदर्भाने दिलेला अर्धा पत्ता, नवशिक्याला जास्त छळतो. नुसतं फाइलचं नाव दिलं की पायथन ती चालू फोल्डरमध्ये (जिथून स्क्रिप्ट चालवली तिथे) शोधतो, स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये नव्हे. म्हणून डबल क्लिकने चालणारी स्क्रिप्ट एडिटरमधून चालवली की ‘फाइल सापडली नाही’ म्हणते. पूर्ण पाथाचा अर्थ कुठूनही चालवा, एकच.

मूळ लेखक:
नुसतं नाव द्या असं मी म्हणतच नाही. स्क्रिप्टच्या जागेपासून पाथ बांधा म्हणतोय. आणि पूर्ण पाथ तरी कुठे सोपा आहे? ‘यूजर्स’ फोल्डरचा पाथ साध्या अवतरणात लिहिला की बॅकस्लॅशपुढच्या कॅपिटल ‘यू’मुळे सिंटॅक्स एरर येते, स्क्रिप्टची एक ओळही चालायच्या आधी.

प्रतिसाद १:
अवतरणाआधी ‘आर’ लावा किंवा फॉरवर्ड स्लॅश वापरा, विंडोजवर चालतो. हे कधीतरी शिकावं लागणारच आहे.

प्रतिसाद २:
इनपुटवरून वाद चाललाय, पण खरा घात आउटपुट करतं. जोडलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये सेव्ह केली की पुढच्या वेळी ग्लोब (फोल्डरमधल्या फाइली शोधून देणारं फंक्शन) तीही उचलतो. दुसऱ्यांदा ओळी दुप्पट, तिसऱ्यांदा तिप्पट. एरर काहीच नाही, फक्त बेरजा चुकीच्या! आउटपुटला वेगळा फोल्डर हवाच. शिवाय एखादी फाइल एक्सेलमध्ये उघडी असेल तर टिल्ड आणि डॉलरने सुरू होणारी लपलेली फाइल तिथे तयार होते. ती वगळली नाही तर पांडाज (एक्सेल फाइली वाचणारी पायथनची लायब्ररी) तिथेच अडतं.

प्रतिसाद १:
वेगळा फोल्डर एकदम मान्य. पण मूळ लेखकांना एक विचारतो: ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे जिथे कोड एकेका सेलमध्ये लिहून चालवतात तिथे, काय कराल? स्क्रिप्टची जागा सांगणारं व्हेरिएबल तिथे नसतंच.

मूळ लेखक:
नोटबुकपुरतं तुमचं बरोबर. तिथे पहिल्या सेलमध्ये पूर्ण पाथ एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवावा आणि खाली सगळीकडे तेच वापरावं. पण जी स्क्रिप्ट सहकाऱ्याला पाठवायची आहे, तिच्यात माझ्या मशीनवरचं फोल्डरचं नाव नको, यावर मी ठाम आहे.