एमएस्सी केमिस्ट्रीनंतर पेटंटचं काम करायचंय, आधी एलएलबी की आधी परीक्षा?

गुलमोहर_राजारामपुरी:
नमस्कार मंडळी. शिवाजी युनिव्हर्सिटीतनं एमएस्सी ऑरगॅनिक झालंय, आता गोकुळ शिरगावला एका कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायला) आहे. टायट्रेशन करून करून कंटाळा आलाय असं नाही, पण मला वाचण्या-लिहिण्यातच जास्त रस आहे आणि पेटंट अटर्नी व्हायचं डोक्यात पक्कं बसलंय. घरचे म्हणतात आधी शहाजीला लॉला ॲडमिशन घे, मग बघू. तीन वर्षं त्यात घालवायची का? कुणी या लाईनमधलं असेल तर प्लीज सांगा.

क्लेमवाली:
अगं एलएलबीवाचून काही अडत नाही. पेटंट कायद्याच्या कलम 126 प्रमाणे भारतीय नागरिक, 21 वर्षं पूर्ण, सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री आणि पेटंट एजंटची परीक्षा पास, एवढं झालं की तू पेटंट ऑफिसपुढं अर्ज लिहू शकतेस, भरू शकतेस, एक्झामिनरच्या आक्षेपांना उत्तरं देऊ शकतेस. आपल्याकडं अटर्नी म्हणतात ते बहुतेक एजंट अधिक वकील असे असतात, कोर्टात उभं राहायचं तर वकिलीची सनद लागतेच, पण ती नंतरही काढता येते. परीक्षा मात्र दरवर्षी होईलच असं नाही, 2018 नंतर थेट 2023 ला झाली, म्हणून नोटिफिकेशन आलं की अभ्यास सुरू करू असं करू नको. दोन्ही पेपरात निदान 50 मार्क हवेत आणि तोंडी धरून एकूण 60 टक्के.

पेपर एक कायद्याचा, तो पाठांतरानं निघतो. माणसं अडकतात दुसऱ्यात, ड्राफ्टिंगमध्ये, म्हणजे अर्जाचा मजकूर लिहिण्यात. आजपासनं रोज एक क्लेम लिही, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर आपला हक्क ते सांगणारं वाक्य. समज कुणी गुऱ्हाळासाठी कमी जळण लागणारं चुलाण काढलं, तर अख्खा क्लेम एकाच वाक्यात बसवायचा, आणि त्यात "तांब्याची काहील" लिहिलंस की शेजारचा स्टीलची काहील ठेवून सुटायला बघणार. नवं काय आहे, काहील की हवेची वाट? तेवढंच धरायचं, बाकीचं सोडायचं. हे एकदा हाताला बसलं की निम्मं काम झालं.

उद्यमनगरकर:
ताईंनी बरोबर सांगितलंय. माझं फाउंड्रीचं काम आहे, एक अर्ज करून घेतलाय, त्यात कळलं की ज्याला मशीन कळतं त्यालाच ते लिहिता येतं. इथं लोक चप्पल, गूळ सगळ्यालाच पेटंट म्हणतात, त्या दोन्हींना आहे ते जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणारी ओळख, त्याचा कायदाच वेगळा. हे समजावून सांगणारं माणूस कोल्हापुरात पाहिजेच आहे भावांनो.

गुलमोहर_राजारामपुरी:
ताई खूप आभार. केमिस्ट्रीवाल्यांनी सुरुवात कुठनं करावी? आणि लगेच मुंबई-पुण्याला जावंच लागतं का?

क्लेमवाली:
2013 चा सुप्रीम कोर्टाचा नोव्हार्टिसचा निकाल मूळातनं वाच. ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या बीटा क्रिस्टल रूपाला पेटंट का नाकारलं, कलम 3(डी) मध्ये (माहीत असलेल्या पदार्थाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाही म्हणणारं कलम) गुण वाढणं म्हणजे औषधाचा रोगावरचा परिणाम वाढणं असं का धरलं, हे तुझ्यासारख्या ऑरगॅनिकवालीला वकिलापेक्षा लवकर कळेल. वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) डीएल-101 कोर्स फुकट आहे, तोही करून टाक. अर्ज ऑनलाईनच भरतात, आपलं पेटंट ऑफिस मुंबईला, पण पहिली दोन-तीन वर्षं पुण्या-मुंबईत एखाद्या फर्ममध्ये सर्चचं, म्हणजे असा शोध आधी कुणी लावलाय का ते धुंडाळायचं, काम कर असंच मी सांगेन, कारण लिहिलेल्यावर लाल शाई मारणारं कुणीतरी डोक्यावर लागतं. क्यूसीची नोकरी तोपर्यंत सोडू नको. पहिला क्लेम लिहिलास की इथंच टाक, मी बघते.