पगार कापले तर पैसा जाणार कुठे?

अमेरिकन बेसबॉलपटूंच्या पगारांवरच्या या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की जेमतेम अडीचशेची (.२५०, म्हणजे चार प्रयत्नांत एकदाच यशस्वी फटका) सरासरी राखणाऱ्या फलंदाजाला लाखो डॉलर देणं हा निव्वळ वेडेपणा आहे. आकडा डोळ्यांत खुपतो, मान्य. पण पगार कापले तर उरलेला पैसा मालकांच्याच खिशात जाणार. तिकीट स्वस्त होईल या भ्रमात राहू नका, त्याची किंमत मागणीवर ठरते.

मुळात १९७५ पर्यंत खेळाडू एका संघाला जवळजवळ जन्मभर बांधलेला असायचा. त्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि ती वेठबिगारी मोडली. तरी आजही हवा तो संघ निवडायला मोकळं व्हायचं तर मेजर लीगमधली (सर्वोच्च स्तरावरची) सहा वर्षं भरावी लागतात. पहिली तीनेक वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपासच मिळतं (२०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर). अनेकांची कारकीर्द सहा वर्षं भरायच्या आतच आटोपते. मेजर लीगच्या एक पायरी खाली, ट्रिपल-ए या स्तरावर, २०२३ च्या करारानुसार किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर! खरा सुमार खेळाडू तिथे सापडतो, टीव्हीवर दिसणारा नव्हे.

हां, मूर्ख करार होतातच. बॉबी बोनिया २००१ नंतर खेळलेला नाही, पण न्यूयॉर्क मेट्स संघाचे मालक त्याला २०३५ पर्यंत दर १ जुलैला सुमारे ११.९ लाख डॉलर देणार आहेत. पण तो करार मालकांनीच राजीखुशीने केला ना? मला राग येतो तो करदात्यांच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या स्टेडियमांचा. त्यावर इथे कोणीच बोलत नाहीये.