घरची बिअर, घरची वाईन : तुमचे अनुभव लिहा

आंबटगोड (मिशिगन)

घरी बिअर करतो म्हटलं की मंडळी दोनच प्रश्न विचारतात. चढते का? आणि पोलीस येत नाहीत का? पोलिसांचं उत्तर तुम्ही कुठे राहता त्यावर. अमेरिकेत दारूबंदी उठली तेव्हाच घरच्या वाईनला मुभा मिळाली, बिअरला मात्र १९७८ साली जिमी कार्टर यांची सही होईपर्यंत थांबावं लागलं. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोघे किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही. आणि हो, चढते. पण नुसतं चढण्यासाठी एवढा उपद्व्याप कुणी करू नये, दुकानातली स्वस्त पडते.

नवख्यांनी आधी काय घ्यावं, काय घेऊ नये, कुठे फसगत होते, ते आपापल्या अनुभवातून लिहा. सुरुवात मी करतो.

सुरुवातीला धान्याच्या भानगडीत पडू नका. माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या बार्लीचा, तयार अर्क मिळतो, काकवीइतका दाट. तो पाण्यात विरघळवून हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुलं) घालून तासभर उकळायचा, झटपट २० अंशांपर्यंत थंड करायचा, पिंपात ओतून यीस्ट टाकायचं आणि एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) लावून अंधाऱ्या जागी ठेवायचं. पहिल्या उकळीला गॅससमोरून हलू नका. उतू गेलेलं दूध पुसता येतं, हे खरवडावं लागतं. उकळून झाल्यावर मात्र जे जे त्याला लागेल, म्हणजे नळी, झाकण, चमचा, आपले हात, ते सगळं जंतुनाशकातून निघालेलं हवं. माझा निम्मा वेळ भांडी धुण्यातच जातो.

दुसरी गोष्ट तापमान. एल या प्रकारच्या बिअरचं यीस्ट १८ ते २० अंशांना खूश असतं. फसफसायला लागलं की ते स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे खोली २२ अंशांवर असली तर आतला माल २५-२६ वर जातो आणि बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो. उन्हाळ्यात मी पिंप पाण्याच्या टबात ठेवतो, त्याला जुना ओला टी-शर्ट घालतो आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडतो. दिसायला बावळट, पण फ्रिजचा खर्च वाचतो.

हिशेबी (टेक्सास)

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी, आधी घ्या, बाकीची खेळणी नंतर. 'एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे झालं' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. झाकण सैल असलं तरी बुडबुडे थांबतात. साखर आंबत गेली की घनता उतरते. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० आलं, तर फरकाला १३१ ने गुणा : अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या.

भरताना गॅससाठी लिटरमागे साधारण ६ ग्रॅम साखर, वजन करून. चमच्याने नाही! आमच्या एका मित्राने अंदाजपंचे साखर घातली, तीही आंबणं पुरतं व्हायच्या आत. गॅरेजमध्ये रात्रभर बाटल्या फुटत होत्या. काचा गाडीच्या टायरपर्यंत. सुरुवात प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटल्यांपासून करा, दाबून पाहिलं की आत किती गॅस धरलाय ते कळतं.

किनाऱ्यावरची

माझा अनुभव लहानपणचा, वसईचा. नाताळच्या महिनाभर आधी आजी चिनीमातीची मोठी बरणी उन्हात तापवायला काढायची. काळ्या मनुका चिरून, साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, चिमूटभर यीस्ट, दालचिनी, लवंग. तोंडाला मलमल बांधायची आणि २१ दिवस रोज एकदा लाकडी पळीने ढवळायचं. पळी कोरडी हवी, हात कोरडा हवा. लोणच्याला लागतात तेच सगळे नियम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मनुका फुगून वर यायच्या आणि कान लावला की बरणी बारीक सळसळायची. मग गाळून, साखर करपवून रंगाला घालायची. गहू कशाला, असं विचारलं तर 'घालतात' एवढंच उत्तर.

मला कळत नाही ते असं : तुम्ही सगळे झाकण घट्ट लावता, आजी रोज उघडायची. मग तिची का बिघडत नसे?

आंबटगोड

ताई, सुरुवातीच्या दिवसांत यीस्टला वाढायला थोडी हवा लागतेच. शिवाय वर आलेली फळं रोज खाली दाबली नाहीत तर त्यांच्यावर बुरशी धरते. मोठ्या वायनरीतही लाल वाईनला हेच करतात. जोर ओसरल्यावर मात्र हवा बंद, नाहीतर व्हिनेगरकडे वाटचाल. आजी २१ दिवसांनी गाळून बाटल्यांत भरायच्या ना? तेच ते.

पेठेतला

रंगाचा बेरंग करतो, पण सांगायलाच हवं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती असो की नाताळची. मी हौस कोंबुचावर, म्हणजे आंबवलेल्या चहावर, भागवतो. स्वच्छता, तापमान आणि धीर या तिन्ही गोष्टींची तालीम तिथेही होते.

आणि कुठेही राहत असलात तरी ऊर्ध्वपातन करू नका. अमेरिकेत बिअर-वाईनला मुभा आहे म्हणून घरी भट्टी लावता येते असं नाही.

बर्फातला बंड्या (ओंटारिओ)

आमच्याकडे आळशांची सोय आहे. दुकानात जायचं, द्राक्षरसाचं खोकं निवडायचं, ते लोक पिंपात ओततात. यीस्ट तेवढं आपल्या हाताने टाकायचं, म्हणजे कायद्याने वाईन आपली. काही आठवड्यांनी जाऊन २३ लिटर, म्हणजे तीसेक बाटल्या भरून आणायच्या. लगेच प्याल तर यथातथा. सहा महिने विसरा, मग बरी लागते. विसरणं हाच अवघड भाग आहे.

नाचणीसत्त्व (म्युनिक)

अर्कावर हात बसला की धान्याकडे या. आपल्याला ते नवीन नाहीच. नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून दळायची हे घरोघरी होतं. बार्लीचंही तेच, मोड येताना दाण्यात पिठाची साखर करणारे पाचकरस (एन्झाइम) तयार होतात. ते भरडलेले दाणे ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, पिठूळ पाणी गोड होतं. ६३ ला ठेवलं तर बिअर हलकी आणि कोरडी, म्हणजे गोडी कमी, ६९ ला ठेवलं तर तोंडाला दाट. दोन-तीन अंशांत एवढा फरक पडतो, म्हणून थर्मामीटरवर पैसे खर्च करा, चकचकीत पातेल्यावर नको. मी कापडी पिशवीत दाणे बांधून एकाच पातेल्यात सगळं उरकते. इथे २०२३ पर्यंत घरी करायच्या आधी कस्टम्सच्या कचेरीला कळवावं लागायचं. कळवलं की कुणी काही म्हणायचं नाही.

नवखा

हापूस घालून कुणी बिअर करून पाहिलीय का?

हिशेबी

केलीय. आधी अपेक्षा कमी करा : रसाची साखर यीस्ट खातं, गोडी जाते, उरतो तो वास आणि किंचित आंबटपणा. डब्यातला रस घ्या, तो आधीच तापवलेला असतो. पहिला जोर ओसरल्यावर घाला, आधी घातलात तर वास बुडबुड्यांबरोबर उडून जातो. फळातल्या पेक्टिनमुळे (जॅम घट्ट करणारा पदार्थ) बिअर गढूळ राहते, त्यावर एन्झाइम मिळतं. आणि डब्यावरचं लेबल वाचा, साखर घातलेला असेल तर हायड्रोमीटरचा हिशेब पुन्हा मांडा.