चंदीगडच्या खुर्चीचे तिरके पाय: शोभेसाठी की बांधणीसाठी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी बारा खुर्च्या करून घ्यायच्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी तळमजल्यात शिरले, तेव्हा पार्टिकल बोर्डाचे सगळे सामान फुगून त्याच्या कडा सुटल्या. त्याच पाण्यात बुडालेली एक जुनी सागवानी खुर्ची मात्र नुसता वेत बदलल्यावर आजही वापरात आहे. म्हणून वास्तुविशारद पिएर जानरे यांनी चंदीगडच्या कार्यालयांसाठी केलेल्या सागवान आणि वेताच्या खुर्चीचे छायाचित्र मिस्त्रींना दाखवले. त्यांचे म्हणणे असे की पाय सरळच ठेवावेत, कारण तिरक्या पायांत लाकूड वाया जाते. हे पाय केवळ दिसण्यासाठी तिरके आहेत, की त्यामागे काही विचार आहे?

उत्तर १ (सातारा)

विचार निश्चितच आहे. खुर्ची बहुधा पायात मोडत नाही, सांध्यात मोडते. मुले मागे रेलून पुढचे दोन पाय उचलतात, तेव्हा सगळा भार बैठकीची आडवी पट्टी मागच्या पायाला जिथे मिळते त्या खाचेवर येतो आणि वर्षभरात ती खाच सैल होते. जानरे यांच्या खुर्चीत प्रत्येक बाजूचे दोन्ही पाय वर हाताच्या पट्टीखाली एकमेकांकडे झुकतात आणि बैठकीची पट्टी त्यांना मध्ये बांधते, त्यामुळे तिथे त्रिकोण तयार होतो. चौकोन तिरपा होऊ शकतो, त्रिकोण होत नाही. छपराच्या कैचीत, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटीत, आपले सुतार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. मिस्त्रींना ‘कैची’ म्हणून सांगा, ते लगेच ओळखतील.

चंदीगड शहराचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ असलेले जानरे १९५१ मध्ये चंदीगडला आले आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिले. नव्या राजधानीच्या इमारतींसाठी फार मोठ्या प्रमाणावर फर्निचर हवे होते आणि ते वेगवेगळ्या कार्यशाळांतले सुतार हाताने घडवणार होते, म्हणून त्यांनी एकच पाय खुर्ची, बाक आणि टेबल यांना थोड्या फरकाने वापरला. एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांची मापे तंतोतंत जुळत नाहीत, आणि मला त्यातच त्या आराखड्याचे मोठेपण वाटते: कारागिराचा हात थोडा इकडेतिकडे झाला तरी खुर्ची बिघडत नाही. सागवान वाळवीला आणि दमटपणाला दाद देत नाही, वेतातून वारा खेळतो. हे दोन्ही निर्णय हवामान पाहून घेतलेले आहेत.

उत्तर २ (मिरज)

वरील विवेचन पटले, परंतु त्यावरून प्लायवुड वाईट असा अर्थ काढू नये. फिनलंडचे वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी पाइमिओच्या क्षयरोग आरोग्यधामासाठी वाकवलेल्या प्लायवुडची खुर्ची केली. त्या काळी आधुनिक फर्निचर म्हणजे पोलादी नळी असे समीकरण झाले होते. आल्टोंना मात्र रुग्णाच्या अंगाला थंड धातू लागू नये असे वाटले, आणि श्वास घेणे सोपे जावे अशा बेताने त्यांनी पाठीचा कोन ठरवला. वानलेसवाडीच्या आरोग्यधामाच्या शेजारी वाढलेल्या मला ही गोष्ट फार जवळची वाटते. खुर्ची कोणासाठी आहे, हा जानरे आणि आल्टो या दोघांचाही पहिला प्रश्न होता.

म्हणून आपल्या अभ्यासिकेपुरते सांगतो. चंदीगडची बैठक किंचित मागे झुकलेली असते, ती तशीच घेतली तर वाकून लिहिणाऱ्या मुलाची पाठ टेकणारच नाही. बैठक जवळजवळ सपाट आणि जमिनीपासून साधारण १७ इंचांवर ठेवा. हाताची पट्टी टेबलाखाली सरकते की नाही, हेही आधी मोजून पाहा. वेत भिजवून ओला असतानाच विणला पाहिजे, म्हणजे वाळल्यावर तो आपोआप ताणला जातो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘कैची’ म्हटल्याबरोबर मिस्त्रींनी स्वतःच खडूने फरशीवर पूर्ण मापाची आकृती काढली आणि चारही पाय एकाच फळीतून उलटसुलट मांडून कापले तर लाकूड फारसे वाया जात नाही, हेही दाखवले. आमची टेबले ३० इंच उंचीची आहेत, त्यामुळे हाताची पट्टी २६ इंचांवर घेत आहोत. आधी एकच खुर्ची करून ती महिनाभर अभ्यासिकेत ठेवू, उरलेल्या अकरा त्यानंतर.